दोन पायांमधून फेकणारा हणमंतसाहेब

रिगवरची माणसं एकदा बोलायला लागली की थांबत नाहीत, असं लोक म्हणतात. त्याचं कारण अगदी साधं आहे. दिवसभर कॉम्प्रेसर असा काही कोकलत असतो की शेजारच्याला शिवी दिली तरी त्याला ऐकू जात नाही. संध्याकाळी इंजिन बंद झालं की दिवसभर पोटात साठलेलं सगळं एकदम बाहेर यायला लागतं. एकजण सुरू करतो, दुसरा भर घालतो, तिसरा म्हणतो, "तसं नव्हतं रे ते!" असे किस्से साठत जातात. बोअरच्या तोंडाशी दगडाची भुकटी साठते ना, तसे.

आमच्याकडच्या किश्श्यांतले निम्मे हँकचे. हसवायचे म्हणून सांगायला घ्यावेत, तर शेवटी कुणीच हसत नाही. तरी सांगतो.

मी भिंगारचा. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री होतो, कामापुरतं इंग्रजी यायचं. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा नगरच्या एका मिशननं गावोगाव पाण्यासाठी बोअर घ्यायचं काम काढलं आणि अमेरिकेतून रिग मागवली. रिग म्हणजे ट्रकवर बसवलेलं, जमिनीत भोक पाडायचं यंत्र. मला कॉम्प्रेसरवर घेतलं, आणि इंग्रजी येतं म्हणून दुभाष्याचं कामही गळ्यात पडलं. ड्रायव्हर बाबूभाई, तोही भिंगारचाच. रॉड जोडायला ज्ञानू. तो पाथर्डीकडचा, दर वर्षी ऊसतोडीला जाणारा गडी, अंगात दोन बैलांची ताकद. आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर मिशनचे थोरात सर. आणि मशीन चालवायला अमेरिकेहून आलेला हँक.

*

हँकला आणायला आम्ही सगळे नगर स्टेशनवर गेलो होतो. डब्याच्या दारातून तो आडवा होऊन उतरला. सरळ मावलाच नाही!

बाबूभाई माझ्या कानाशी म्हणाला, "मधू, मिशननं एक रिग मागवली होती. अमेरिकेनं दोन पाठवल्या!"

थोरात सर हार घेऊन टाचा उंचावून उभे. हँकला कळलं, वाकायचं आहे. तो वाकला, तो असा वाकला की डोकं पार गुडघ्यांच्या मध्ये गेलं. सरांना गळा सापडेना. शेवटी त्यांनी हार पाठीवर ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.

ज्ञानू विचारतो, "नाव काय म्हनलं सायबाचं?"

"हँक."

"हनक?"

"हँक रे."

"आसलं कुठं नाव आसतं व्हय? हनमंत आसंल. ही गोरी लोकं निम्मं खात्यात."

झालं. त्या दिवसापासून तो हणमंतसाहेब. त्यालाही आवडलं. कुणी नाव विचारलं की छातीवर हात ठेवून सांगायचा, "मी हनमंत."

*

हँक तिकडे फुटबॉल खेळायचा आणि त्याचा पगार घ्यायचा, हे आम्हाला थोरात सरांकडून कळलं. पाथर्डीच्या पुढे एका वाडीवर मशीन उभं करून आम्ही सरपंचाची वाट बघत बसलो होतो. ज्ञानूनं विषय काढला.

"सायेब, तुमी बॉल मारायचा का?"

मी विचारलं. हँक म्हणाला, "नाही. मारणारा वेगळा."

"मंग घिऊन पळायचा?"

"पळणारा वेगळा."

"मंग तुमी काय करायचा?"

हँक म्हणाला, त्यांचा फुटबॉल वेगळा, त्यात हातानंही फेकतात, पायानंही मारतात. लाथ मारणारा लांब मागे उभा असतो. त्याच्याकडे बॉल पोचवायचा, एवढंच आपलं काम. शत्रूकडे तोंड करून वाकायचं, बॉल जमिनीवर धरायचा आणि दोन पायांच्या मधून मागे भिरकावायचा.

"तोंड तिकडं अन् फेकायचं इकडं?"

"हो."

"फेकल्याव?"

"फेकल्यावर समोरची माणसं येऊन मला पाडतात."

ज्ञानूनं बराच विचार केला. म्हणाला, "ह्याचा पगार मिळतो?"

बाबूभाई म्हणाला, "अरे, आपल्या थोरात सरांचं तेच काम आहे! मुंडी खाली, आणि सगळं मागच्यावर!"

तेवढ्यात सरपंच पूजेचं ताट घेऊन आले. दुष्काळात नारळ मिळणं मुश्कील, त्यांनी तो खास पाथर्डीच्या बाजारातून मागवला होता. हँकचं लक्ष नारळाकडे गेलं. आम्ही काही बोलायच्या आत त्यानं तो उचलला, मला लांब उभं केलं आणि वाकला. दोन पायांमध्ये त्याचं उलटं तोंड दिसलं, लालबुंद. पुढचं मला दिसलंच नाही. शीळ घालत नारळ आला, मी जीव वाचवून खाली बसलो आणि माझ्या डोक्यावरून जाऊन तो रिगच्या लोखंडावर आपटला. ठिकऱ्या!

बायकांनी तोंडाला पदर लावले. सरपंचांनी एकदा रिगकडे पाहिलं, एकदा हँककडे. मग हात वर करून ओरडले, "फुटला! करा सुरू!"

आणि त्या बोअरला पाणी लागलं.

*

मग काय! हणमंतसाहेब पायातून नारळ फोडतो आणि पाणी लागतं, ही बातमी आमच्या ट्रकच्या पुढे पळायला लागली. ती भिंगारलाही पोचली. तिथल्या पोरांचा एक क्लब होता, त्यांची रविवारी लष्कराच्या टीमशी मॅच. क्लबचा कॅप्टन घरी आला. "मधूभाऊ, तुमचा अमेरिकन द्या. एवढा माणूस गोलात उभा राहिला तर बॉल जाणार कुठून?"

हँक नको नको म्हणत होता. शेवटी आला.

बराच वेळ बॉल त्याच्याकडे आलाच नाही. मग एकदा आला. हँकनं तो झकास पकडला. पब्लिक ओरडलं. तेवढ्यात लष्कराचे तिघे गडी त्याच्या अंगावर धावून आले. आता त्या माणसानं अर्धं आयुष्य एकच गोष्ट केलेली. माणसं अंगावर आली की काय करायचं, ते त्याच्या डोक्याला विचारावं लागत नव्हतं. तो वाकला. बॉल जमिनीला लावला. आणि दोन पायांच्या मधून मागे भिरकावला.

मागे आमचाच गोल!

जाळं असं फुगलं की खांब हलला. रेफ्रीनं शिट्टी तोंडात धरली, पण वाजवायला विसरला. मग जो काही हशा उठला! लष्कराचे जवान गवतावर लोळत होते. बाबूभाई डोळे पुसत म्हणाला, "पण नेम बघा! बरोबर मधोमध!"

हँक अजून वाकलेलाच होता. मी जवळ गेलो. पायांमधून माझ्याकडे बघत तो म्हणाला, "मधू, असा सुंदर थ्रो माझ्या हातून परत कधी होईल असं वाटलं नव्हतं."

तो हसत नव्हता.

*

त्याच संध्याकाळी माझ्या घरच्या ओट्यावर चहा पिताना त्यानं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

त्याच्या टीममध्ये तो कित्येक वर्षं होता. राखीव खेळाडू. बाकी वेळ बाकावर बसायचं, आणि लाथ मारायची वेळ आली की मैदानात जाऊन बॉल मागे फेकून परत यायचं. कधी चुकला नाही. म्हणूनच कुणाला त्याचं नाव माहीत नव्हतं. स्वतःच्याच टीमच्या दारवानानं त्याला एकदा अडवलं होतं, "कुणाला भेटायचंय?" म्हणून.

मग एक मोठी मॅच आली. ती जिंकली की पुढे अजून मोठी. थंडी, पाऊस, बॉल लोण्यासारखा निसटता. थोडाच वेळ उरलेला, टीम पुढे. फक्त बॉल मागे द्यायचा आणि मागच्यानं लांब मारायचा, बास. हँक वाकला, फेकला, आणि बॉल मारणाऱ्याच्या डोक्यावरून गेला.

"पायांमधून मला दिसत होता," तो म्हणाला. "तो माणूस उडी मारतोय, आणि बॉल त्याच्या बोटांच्या वरून जातोय. उलटं दिसत होतं, म्हणून बॉल खाली पडतोय असं वाटत होतं. आकाशात पडतोय."

टीम हरली. हँकला काढून टाकलं. बापाचं गावाकडे बोअरिंगचंच मशीन होतं. बाप ती मॅच बघायला आला होता. घरी जाताना दिवसभराचा रस्ता, बापानं गाडीत एक अक्षर काढलं नाही. नंतर बापलेकांनी सोबत कितीतरी विहिरी पाडल्या, पण त्या मॅचचं नाव निघालं नाही.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "पेपरात आलं असेल."

"आलं ना," हँक म्हणाला. "पहिल्यांदाच. नावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर होतं."

*

त्यानंतर आमचे कोरडे दिवस सुरू झाले.

गावात शिरलो की लोक नारळ घेऊन उभे. "सायेब, तसाच फोडा!" हँकला ते नको असायचं, पण म्हाताऱ्या बायका हात जोडायच्या. तो वाकायचा, फेकायचा, नारळ फुटायचा. मग आम्ही दिवसभर भोक पाडायचो आणि भोकातून नुसती भुकटी यायची. पांढरी, करडी, काळी. लोक भुकटी मुठीत घेऊन दाबून बघायचे, ओल लागते का. आमच्या अंगावर, भाकरीवर, पापण्यांवर भुकटी. काळा दगड लागला की हँक खाली मान घालायचा. त्याला कळायचं, खाली काही नाही.

एका गावी पाणाड्यानं जागा दाखवली होती. हातात फांदी धरून, डोळे मिटून फिरला आणि पाटलाच्या बांधाला जाऊन थांबला. तिथंच घ्यायचं, असं पाटलाचं म्हणणं. हँकला जागा पसंत नव्हती. ओढ्याच्या अंगाला घेऊ म्हणाला. कुणी ऐकलं नाही. बोअर कोरडं गेलं.

आम्ही रॉड उतरवत होतो. पाणाड्या केव्हाच सायकलवर टांग मारून पसार. पारावर माणसं बसलेली, कुणी भांडत नव्हतं, ओरडत नव्हतं. एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "बोअर चांगलंच हुतं. सायबानं नारळ वाकडा फेकला."

दुसरा म्हणाला, "व्हय. मी बघितला. जरा वरून गेला."

हँकला तोवर एवढं मराठी कळायला लागलं होतं. त्यानं मला भाषांतर विचारलं नाही. पण त्या दिवसापासून त्यानं नारळाला हात लावला नाही. लोक पाया पडले तरी नाही. आणि पुढच्या गावातलं बोअर कोरडं गेलं तेव्हा तिथले लोक म्हणाले, "सायबानं नारळ फेकला न्हाई, म्हनून!"

*

ज्ञानूची बहीण वाटेवरच्या एका गावात दिलेली. रस्त्याच्या दुष्काळी कामावर ती खडी फोडायला जायची. ज्ञानू हट्टानं हँकला तिच्या घरी जेवायला घेऊन गेला. साहेब घरी आला म्हणून तिनं खाट टाकली, त्यावर गोधडी घातली.

जेवायला मिलोची भाकरी आणि चटणी. मिलो म्हणजे रेशनवरची लाल ज्वारी, त्या वर्षी अमेरिकेतून आलेली. भाकरी थापली की चिरायची, खाल्ली की घशात टोचायची.

हँकनं कोपऱ्यातल्या पोत्यातून चार दाणे तळहातावर घेतले. म्हणाला, "हे मी ओळखतो. आमच्या गावाच्या चारही बाजूंनी हेच असतं."

ज्ञानू खूश. "काय म्हनतो सायेब? तिकडं कसं करत्यात ह्याचं?"

मी विचारलं. हँकला खोटं बोलता यायचं नाही, त्यानं खरं तेच सांगितलं. मी सांगितलं, "तिकडं गुरांना घालतात म्हणे."

मला वाटलं, आता हिला वाईट वाटणार. तर ती बाई हसली. "मंग बराबर हाय की! आमची गुरं छावनीला धाडली. त्यांच्या वाटचं आमी खातो."

हँक खाली मान घालून जेवायला लागला. भाकरी संपली की ती दुसरी वाढायची. त्याला वाटलं, नको म्हटलं तर हिला वाटेल गुरांचं म्हणून खात नाही. त्यानं खाल्ली. तिला वाटलं, साहेबाला फार आवडलं. तिनं अजून वाढली. ज्ञानू कौतुकानं बघतोय. "खा, खा सायेब!" त्यानं तीही खाल्ली. असं करत टोपलं रिकामं झालं.

हात धुवायला हँक उठला, तेव्हा दाराआड तिची तिन्ही पोरं त्याला दिसली. ती रिकाम्या टोपल्याकडे बघत उभी होती.

*

हँकचा बाप वारल्याची बातमी थोरात सर स्वतः जीप घेऊन सांगायला आले. हँकला म्हणाले, "तुम्ही निघा." पण पोचेपर्यंत तिकडे माती होऊन गेली असती. हँक म्हणाला, "जाऊन काय करू? हे भोक तरी पुरं करतो." ते भोकही कोरडंच गेलं.

ज्ञानूच्या मनाला ते लागून राहिलं. "बापाचं काईच करायचं न्हाई? आसं कसं?" त्यानं दिवस धरले आणि दहाव्याला हँकला नदीवर घेऊन गेला. नदी म्हणजे नुसती वाळू. भात करून त्याचा पिंड केला, दगडावर ठेवला. आम्ही मागे सरकून उभे राहिलो. थोरात सरांना आम्ही हे सांगितलं नव्हतं.

कावळा येईना.

ऊन चढलं. ज्ञानू "का, का" करून थकला. बाबूभाई हळूच म्हणाला, "कावळे पण खडी फोडायला गेले असतील." कुणी हसलं नाही.

मग लांबच्या बाभळीवर एक येऊन बसला. बसला तो बसलाच. खाली उतरायचं नाव नाही.

ज्ञानू म्हणाला, "सायेब, बापाचा जीव कशात तरी आडकलाय. त्याच्या मनात काय ऱ्हायलं आसंल ते बोला. मी करीन म्हना. मंग शिवतो."

मी भाषांतर केलं. हँक कावळ्याकडे बघत उभा राहिला. एवढा मोठा माणूस, हातात टोपी, नाकावर भुकटी. मग तो इंग्रजीत बोलला. मला वाटलं, मॅचबद्दल माफी मागेल. तो एवढंच म्हणाला, "डॅड, आता तरी काहीतरी बोला."

कावळा ओरडला. एकदाच. आणि उडून गेला.

ज्ञानू म्हणाला, "शिवला न्हाई. पर बोलला!"

हँक गर्रकन माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "मधू," तो म्हणाला, "काय म्हणाले?"

दुभाष्या मी!

*

हँक पुढच्या पावसाळ्याआधी परत गेला. बापाचं मशीन त्यानं चालवायला घेतलं, असं थोरात सरांनी सांगितलं. पुढे काय झालं कळलं नाही. त्याच्या जागी दुसरा साहेब आला. तो गप्पा मारायचा नाही, त्यामुळे त्याचा एकही किस्सा नाही.

हँकचं शेवटचं बोअर मात्र सांगायचं राहिलं. बाबूभाई हे कधीच सांगत नाही. ज्ञानूला विचारलं तर तो उठून बिडी प्यायला बाहेर जातो. म्हणून मलाच सांगावं लागतं.

डोंगराच्या पायथ्याला एक वस्ती होती. मिशनकडे त्यांचा अर्ज फार आधी आलेला, पण रस्ताच धड नव्हता. आम्ही वाट करत करत पोचलो, तर वस्तीत माणूस नाही. दारांना कुलपं, काही दारांना नुसत्या कड्या. अंगणातल्या चुलीत गवत उगवायचंही राहिलेलं, इतकं कोरडं. कुणी साखर कारखान्यांकडे गेले, कुणी दुष्काळी कामावर, कुणी नातेवाइकांकडे. एक म्हातारा तेवढा होता. तुका म्हणून. डोळे अधू, पण ताठ. त्याला सगळ्यांनी राखणीला ठेवलं होतं. लांबच्या झऱ्यावरून हंडाभर पाणी आणायचा आणि त्यावर राहायचा.

बाबूभाई म्हणाला, "परत जाऊ. कुणासाठी भोक पाडायचं?"

हँक म्हणाला, "आलोय तर पाडू."

नारळ नाही, पूजा नाही, बघायला पोरं नाहीत. म्हातारा धोंड्यावर बसून होता. दुपारपर्यंत नेहमीसारखी भुकटी आली. मग भुकटी ओली झाली. मग चिखल आला. आणि मग, खोटं सांगत नाही, रिगच्या डोक्याच्या वर पाणी उडालं! एवढं पाणी आम्हाला त्या अख्ख्या वर्षात लागलं नव्हतं. ज्ञानू कपड्यांनिशी त्यात जाऊन उभा राहिला आणि लहान पोरासारखा नाचायला लागला. बाबूभाई दोन्ही हात वर करून अल्लाचं नाव घेत होता. मी इंजिन बंद केलं.

एकदम शांतता. पाण्याचा आवाज तेवढा, जमिनीत बुडबुडत असल्यासारखा.

म्हातारा उठला. ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं. "ग्वाड हाय," म्हणाला. मग इकडे तिकडे बघायला लागला. आम्हाला वाटलं, भांडं शोधतोय. हँकनं बादली भरली आणि त्याच्यापुढे धरली. म्हाताऱ्यानं बादली घेतली नाही. "या माज्यासंगं," म्हणाला आणि वस्तीकडे चालायला लागला. हँक भरलेली बादली घेऊन त्याच्या मागे. आम्ही त्यांच्या मागे.

पहिल्या दाराशी म्हातारा थांबला. दाराला भलंमोठं कुलूप. त्यानं हाक मारली, "सखाराम! ए सखाराम! पानी आलं रं!"

थांबला. कान देऊन ऐकलं. मग हँककडे वळून म्हणाला, "हितं कुनी न्हाई."

पुढचं दार. "भागूबाई! आगं पानी आलं! हंडा घिऊन ये!" थांबला. "हितं कुनी न्हाई."

असा तो दारोदार गेला. प्रत्येक घरचं नाव त्याला पाठ. म्हाताऱ्यांना हाक मारली, सुनांना मारली, कुठल्याशा तान्ह्या पोरालासुद्धा मारली. प्रत्येक दाराशी तेवढंच थांबायचा, जेवढा माणसाला आतून ओ द्यायला वेळ लागतो. आणि मग हँकला सांगायचा. हँक दर वेळी मान हलवायचा. बादली हिंदकळून त्याची विजार भिजली होती, पण त्यानं ती खाली ठेवली नाही.

शेवटचं घर वस्तीच्या टोकाला. दार उघडंच होतं. आत चूल, एक घोंगडी, उपडा हंडा. ते म्हाताऱ्याचं स्वतःचं घर.

हँकला वाटलं, झालं. तो बादली आत ठेवायला वाकला. म्हाताऱ्यानं हात आडवा धरून त्याला थांबवलं. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, दाराकडे तोंड केलं आणि हाक मारली, "तुका! ए तुका! पानी आलं रं!"

थांबला. तेवढाच वेळ.

मग हँककडे वळून म्हणाला, "हितंबी कुनी न्हाई, सायेब."